मुठीतलं झाकण

सिंधूताईंनी काउंटरवर रुमालाची गाठ सोडली आणि आतून तीन जुन्या लेन्स काढून ओळीनं मांडल्या, तेव्हा सीताबर्डीच्या त्या दुकानातल्या अंकितला वाटलं, की आजी काहीतरी विकायला आल्या आहेत. पांढरी सुती साडी, झिजलेल्या चपला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्याचा तसा समज व्हावा असंच ते रूप होतं.

"विकायच्या नाहीत, बाबू," त्या म्हणाल्या. "ह्या तिन्हीले ढक्कन पाहिजे."

अंकितनं हौसेनं ट्रे पुढे ओढला. प्लास्टिकची काळी झाकणं, मधोमध चिमटा. दाबायचं, ठेवायचं, सोडायचं. बसलं खरं, पण सिंधूताईंनी लेन्स उलटी करताच टपकन खाली पडलं. नव्या लेन्सना आतून आटे असतात, त्यांत हे झाकण दात रोवून बसतं. या लेन्सचं तोंड म्हणजे नुसतं गुळगुळीत कडं, त्याला धरायचं कुठे? एका लेन्सला तेवढे आटे होते. तिला त्यानं फिरवून बसवायचं धातूचं झाकण दिलं. ते घट्ट बसलं. मग सिंधूताईंनी ते काढायला फिरवलं, आणखी फिरवलं, आणि त्याला परत दिलं.

"हे निघेपावतर समोरच्या माणसाचं हसू आटून जाते."

रबराचं, कशावरही ताणून बसणारं एक होतं. ते त्यांनी बोटानं दाबून पाहिलं आणि बाजूला सारलं. रबराखाली पावसाळ्यात काचेला बुरशी धरते म्हणाल्या. शेवटी अंकित स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून जुन्या मालाचा एक खोका काढला. त्यात बाहेरून चढवायची धातूची झाकणं होती, आतून काळं मखमल लावलेली. एकेक लेन्सवर चढवून, उलटी करून, हलवून पाहता पाहता सिंधूताईंना हवी तशी तीन मिळाली.

एवढ्यावर थांबतील तर त्या सिंधूताई कसल्या. त्यांनी एकेक झाकण तळहातावर घेतलं, मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"आजी, हे काय करून राहिल्या?" अंकितनं विचारलं.

"मुठीत मावते का, ते पाहून राहिली."

अंकितनं मान डोलावली आणि पिशवी शोधायला वळला. गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय आहे ते विचारत बसू नये, हे दुकानदाराला कोणी शिकवावं लागत नाही.

ज्यांनी असला कॅमेरा कधी डोळ्याला लावला नाही, त्यांना यातली मेख सांगायला हवी. या जातीच्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही. बघायला वर कोपऱ्यात वेगळी खिडकी असते. तिच्यात माणूस आधी दोन दिसतो, एक ठळक, एक पुसट. लेन्सचं कडं फिरवून दोघांना एकावर एक आणायचं, मग बटण दाबायचं. आता झाली पंचाईत अशी, की लेन्सवर झाकण असलं तरी खिडकीत सगळं लख्ख दिसतं. माणूस फोटो काढत राहतो आणि रोल धुतल्यावर कपाळाला हात लावतो. बरं, झाकणच नको म्हणावं, तर रोलवरचा उजेड अडवणारा आतला पडदा कापडाचा. कॅमेरा उन्हाकडे तोंड करून राहिला, तर लेन्स भिंगाचं काम करते आणि पडद्याला भोक पाडते. नागपूरचं ऊन तर विचारूच नका.

सिंधूताईंचे वडील धोंडबा रामटेके यांचा नागपूरच्या इंदोऱ्यात लहानसा फोटो स्टुडिओ होता. कामठी छावणीतून बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी हा कॅमेरा घेतला, तीन लेन्सांसकट. आणि पहिल्याच लग्नात झाकण न काढता अख्खा रोल मारला. वधूपिता धोंडबांना एक शब्द बोलला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. लग्न काय पुन्हा लावता येतं?

तेव्हापासून त्यांनी नेम केला. फोटोआधी झाकण काढायचं आणि ज्याचा फोटो, त्याच्याच हाती द्यायचं. "धरा. फोटो झाला का वापस द्या." समोरच्याच्या हातात झाकण आहे, म्हणजे लेन्सवर नाही. धोंडबांच्या घरात ही गोष्ट देवपूजेसारखी नव्हती, कारण धम्म घेतल्यापासून घरात देव नव्हते. पण तितकीच न चुकता होत असे.

पुढे धोंडबांचे हात कापायला लागले. कॅमेरा सिंधूच्या गळ्यात आला तेव्हा ती मॅट्रिक होऊन घरी बसली होती. दसऱ्याला दीक्षाभूमीवर माणसांचा समुद्र येई. बापलेक रस्त्याकडेला पडदा बांधून उभे राहत. बाप गिऱ्हाईक बोलावी, लेक फोटो काढी. खेड्यापाड्यांतून आलेल्या बायांनी जन्मात कॅमेरा पाहिलेला नसे. पुरुष फोटोग्राफरपुढे त्या लाकडासारख्या उभ्या राहत, पदर ओढत, नजर जमिनीवर. सिंधूपुढे तसं होत नसे. ती जवळ जाई, झाकण हातात ठेवी, त्या हातावर स्वतःचा हात ठेवून मूठ मिटवून देई. "पाडजो नको वं माय, आमचं येवढंच आहे." बाईला जबाबदारी मिळे. हातांचं काय करावं हा प्रश्न सुटे, मान आपोआप वर येई आणि डोळे सरळ सिंधूकडे लागत, 'आता हे कधी परत घेते' अशा नजरेनं. तो फोटो. सिंधूनं असे फोटो दहा वर्षं काढले. घरोघरच्या भिंतींवर ते लागले, आणि प्रत्येकात एक मूठ मिटलेली होती.

काही बायांनी झाकणं मुठीतच नेली. मुद्दाम नाही; गर्दीत आपलं माणूस हाक मारी आणि त्या निघून जात. मग धोंडबा रोलच्या डबीचं झाकण लावून काम भागवत. तिन्ही मूळ झाकणं गेली ती अशी.

धाकटा भाऊ प्रेमानंद या सगळ्यात कुठे होता? वसतिगृहात. तो हुशार निघाला, म्हणून धोंडबांनी त्याला पुण्याला ठेवला, आणि सिंधूच्या कॅमेऱ्याच्या कमाईवर तो शिकला. दसऱ्याला घरी आला तरी उन्हात उभा राहत नसे, डोकं दुखे. पुढे तो कॉलेजात प्राध्यापक झाला, परिषदांना जाऊ लागला, बोलण्यातलं 'मले-तुले' गेलं. सिंधूताईंना त्याचा अभिमान होता. कोणी विचारलं, की "माहा भाऊ" म्हणून त्या सुरू व्हायच्या आणि ऐकणारा चहा संपवून उठेपर्यंत थांबायच्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त होऊन नागपुरात आला आणि निगेटिव्हचे डबे मागून घेऊन गेला. "संगणकात उतरवून ठेवतो, ताई. नाहीतर वाळवी खाईल. मग प्रदर्शन भरवू. भिंतीवर तुझं नाव लागेल." नाव लागेल, हे सिंधूताईंनी मागितलं नव्हतं. पण त्यानं म्हटल्यावर त्यांना ते हवंसं वाटू लागलं. अशा गोष्टी एकदा हव्याशा वाटल्या, की त्या मनातून जात नाहीत. दळण आणायला गेल्या तरी त्यांच्या डोक्यात एक भिंत असे, पांढरी, आणि तिच्यावर काळ्या अक्षरांत सिंधू धोंडबा रामटेके.

आणि आता प्रदर्शन ठरलं होतं. सिव्हिल लाइन्समधल्या एका कलादालनात. प्रेमानंदानं फोन केला होता, की कॅमेरा आणि लेन्स काचेच्या पेटीत ठेवणार आहोत, झाकणांशिवाय बोडक्या दिसतात, तेवढं बघ. "तुला त्यातलं कळतं." आणखी एक काम होतं. उद्घाटनाला पाहुण्यांचा फोटो त्याच कॅमेऱ्यानं काढायचा होता. "रोल तूच भरून ठेव, ताई. मला ती रोलची पट्टी आत अडकवायचं जमत नाही."

सिंधूताईंनी रोल भरला. मखमली झाकणं घेतली. आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी, पिशवी छातीशी धरून, त्या दालनात गेल्या.

आत कोणी नव्हतं. भिंतीवर त्यांच्या बाया होत्या. केवढाल्या! घरात तळहाताएवढ्या पाहिलेल्या बाया इथे माणसाएवढ्या उभ्या होत्या. मुलाला कडेवर घेतलेली, नवीन लुगड्याच्या घड्या न मोडलेली, पुढचा दात पडलेली. सिंधूताईंना एकेकीचा आवाज आठवला. त्या पुढे पुढे जात राहिल्या आणि फेरी पुरी करून पुन्हा दारापाशी, मोठ्या अक्षरांतल्या फलकाशी येऊन थांबल्या.

'छायाचित्रे: प्रेमानंद रामटेके.'

त्यांनी चष्मा पुसला. खाली मजकूर होता. अकराव्या वर्षी वडिलांनी कॅमेरा हाती दिला आणि या बालछायाचित्रकाराच्या नजरेनं एक काळ टिपला, असं लिहिलं होतं. आणखी खाली होतं: 'रामटेके यांच्या छायाचित्रांतील स्त्रियांची वळलेली मूठ हा योगायोग नाही. शतकांच्या मौनानंतर उठलेला तो निर्धार आहे. छायाचित्रकाराने तो जाणीवपूर्वक हेरला.'

सिंधूताईंना आधी हसू आलं. मोठ्यानं आलं, रिकाम्या दालनात घुमलं. निर्धार! अगं बाई, ढक्कन आहे ते. मग हसता हसताच त्या भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीवर बसल्या. त्याला मुठीचं माहीतच नव्हतं. दोन वर्षं त्या फोटोंकडे बघत होता, आणि एकदाही त्यानं विचारलं नव्हतं, की ताई, ह्या बायांच्या मुठी काहून मिटल्या आहेत. चोरानं निदान चोरलेली वस्तू उलगडून पाहावी. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारा आपल्याच हातचं जेवून मोठा झालेला असला, की दुखतंही जास्त.

प्रेमानंद मागच्या खोलीतून आला. बहीण फलकाखाली बसलेली पाहून तो थबकला, पण क्षणभरच.

"ताई, आणलीस झाकणं?"

"हे काय लिवलं गा, प्रेमा?"

"अगं, ते... लोकांना एक नाव लागतं. मी या क्षेत्रात आहे, माझं नाव माहीत आहे. उद्या पेपरात येईल, परदेशात जाईल. तुझ्या नावानं दार तरी उघडलं असतं का?"

"तू म्हटलं होतं, माहं नाव लावशीन."

"लावलंय ना." तो घाईनं पेटीकडे गेला. "हे बघ. मी विसरलो नाही."

काचेच्या पेटीत कॅमेऱ्यासाठी निळं कापड पसरलं होतं. त्याच्या कडेला एक लहान कार्ड होतं. 'लेन्सची झाकणे मिळवून दिल्याबद्दल भगिनी श्रीमती सिंधूताई यांचे आभार.'

सिंधूताईंनी ते दोनदा वाचलं.

"बाबा असते तर..." एवढंच त्या म्हणाल्या.

"बाबा असते तर म्हणाले असते, घरातलंच आहे. स्टुडिओचं काम ते. तू तरी कधी म्हणालीस का, की हे माझे फोटो?"

नव्हत्या म्हणाल्या. आपल्या हाताला आपला हात म्हणायचा असतो, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा बसतो तेव्हा बीळ खणणाऱ्यालाच विचारतो, की कागद दाखव.

त्या उठल्या. पिशवीतून कॅमेरा आणि लेन्स काढल्या, एक लेन्स कॅमेऱ्याला बसवली, दोन बाजूला ठेवल्या, तिन्हींना नवी झाकणं चढवली आणि सगळं पेटीत मांडलं. घरून निघताना हे काम करायचं म्हणून निघाल्या होत्या, ते केलं. खिडकीतून पेटीवर ऊन येत होतं, म्हणून पेटी भावाला धरायला लावून सावलीत सरकवली. मग ऑटो करून इंदोऱ्याला गेल्या.

उद्घाटनाला जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. सकाळी तरी त्या साडी बदलून तयार होत्या. मनात एक वेडी आशा होती, रात्रीतून त्याला लाज वाटेल, तो उठून म्हणेल, फलक चुकला. भाऊच तो, त्याच्यावरची आशा एका दिवसात थोडीच सुटते.

दालन भरलं होतं. प्रमुख पाहुणे दिल्लीहून आलेले कोणी कलासमीक्षक होते, मराठी बेताचं, पण कौतुक भरपूर. सकाळच्या पेपरात फोटो पाहून फोटोंतली माणसंही हुडकत आली होती. कामठीहून मायाबाई आल्या होत्या, नातसुनेच्या खांद्यावर हात टाकून. कडेवर मूल घेतलेली ती तरुण बाई म्हणजे याच. हे मूल आता आजोबा झालं, असं त्या भेटेल त्याला सांगत होत्या.

प्रेमानंद बोलला. छान बोलला, त्यात वादच नाही. वडिलांविषयी बोलला, उन्हाविषयी बोलला, ज्या उन्हात तो कधी उभा राहिला नव्हता. मुठीविषयी बोलला तेव्हा टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत बसलेल्या बहिणीकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

मग फोटोची वेळ आली. पाहुणे उभे राहिले, त्यांच्या मधोमध मायाबाईंना आणलं. प्रेमानंदानं पेटीतून कॅमेरा काढला, गळ्यात अडकवला, डोळ्याला लावला.

झाकण लेन्सवर होतं.

सिंधूताईंना ते दिसलं, तशी त्यांची जीभ उचलली गेली. प्रेमा, ढक्कन काढ. आयुष्यभर त्यांनी त्याच्या मागून हेच केलं होतं, पुस्तक विसरलं, डबा विसरला, बाबा गेल्यावर तेराव्याऐवजी जो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याची तारीख विसरला. शब्द अगदी ओठांवर आला होता. त्या थांबल्या. त्यांना पाहायचं होतं, तो हात पुढे करतो का. ज्यानं या भिंतीवरची एक जरी बाई टिपली असती, त्याचा हात आपोआप लेन्सकडे गेला असता आणि तिथून समोरच्या मुठीत.

प्रेमानंदानं कडं फिरवलं, श्वास धरला आणि खटका दाबला. पाहुणे हसले. "एक और," कोणी म्हणालं. त्यानं दुसरा काढला.

मायाबाई मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी उजवा हात पुढे केलेला होता, तळवा वर, वाट पाहत.

"बाबू," त्या म्हणाल्या, "ढक्कन नाही दिलं तुम्ही."

"काय आजी?"

"ढक्कन. हातात द्या न. त्याच्याबिगर फोटो कसा येईन? तवा ते पोरगी माह्या हातात द्याची." त्यांनी भिंतीवरच्या स्वतःकडे बोट दाखवलं. "ते पाह्य न, मुठीत आहे माह्या. पाडजो नको म्हणे."

प्रेमानंदानं कॅमेरा खाली घेतला, लेन्सकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं प्रथमच दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. ती नजर सिंधूताईंच्या ओळखीची होती. डबा विसरल्यावर तो शाळेच्या फाटकातून असाच बघायचा.

त्या उठल्या. पुढे जाऊन त्यांनी त्याच्या गळ्यातून कॅमेरा काढून घेतला. झाकण काढलं, मायाबाईंच्या तळव्यावर ठेवलं आणि त्यांची मूठ मिटवून दिली.

"पाडजो नको वं माय."

मायाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "बाप्पा, तूच न वं ते?"

"हाव. मीच."

सिंधूताईंनी खिडकीला डोळा लावला. आधी प्रेमानंद आला, मागे सरकून उभा राहिलेला, एक ठळक, एक पुसट. त्याला तसाच सोडून त्यांनी मायाबाईंवर कडं जुळवलं. मायाबाईंची मान वर आली, नजर सरळ झाली. खटका दाबला.

टाळ्या झाल्या. ही सरांची बहीण, असं कोणीतरी म्हणालं. दिल्लीचे पाहुणे भारावून प्रेमानंदाकडे वळले आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "सुंदर! तुम्ही बहिणीला पण शिकवलं?"

झालं, तो क्षण आला होता. एवढं सरळ दार कोणी कुणाला उघडून देत नाही. 'नाही, तिनंच काढले' असे तीन शब्द, आणि सिंधूताईंनी सगळं पोटात घातलं असतं, फलकासकट.

प्रेमानंदानं ओठांवरून जीभ फिरवली. मग तो नम्रपणे हसला.

"हो," तो म्हणाला. "थोडंफार."

काल फलकाखाली बसताना लागलं होतं त्याहून हे खोल गेलं. काल निदान तो एकटा होता आणि भिंतीशी खोटं बोलला होता. आज बहिणीच्या डोळ्यांदेखत बोलला. सिंधूताईंच्या आत जे काही इतकी वर्षं त्याच्यासाठी ऊबदार होतं, ते थंड पडलं, आणि तसं होताना त्यांना कळलं.

मायाबाईंनी मूठ उघडली. "घ्या बाई, तुमचं ढक्कन."

सिंधूताईंनी ते घेतलं. पेटीपाशी गेल्या. आतल्या दोन लेन्स काढून त्यांचीही झाकणं उतरवली, तिन्ही झाकणं निळ्या कापडावर ओळीनं मांडली. लेन्स आणि कॅमेरा रुमालात बांधला, वर पदर घेतला.

"ताई, हे काय करतेस?" प्रेमानंद कुजबुजला. "लोक बघताहेत. घरी बोलू."

"ढक्कनच मागतले होते न तू मले?" त्या म्हणाल्या. "ते देऊन चालली."

बाहेर ऊन कडक होतं. उघड्या लेन्सवर ते पडू नये, म्हणून रुमाल पोटाशी धरून त्या ऑटोची वाट पाहत उभ्या राहिल्या. आत काचेच्या पेटीत तीन झाकणं होती आणि शेजारच्या कार्डावर सिंधूताईंचं नाव होतं.